रस्त्यावरचा मुरूम आणि तोंडावरचा मुरूम



मुरूम दोन प्रकारचा असतो. एक रस्त्यावर टाकतात तो. आमच्या वस्तीच्या रस्त्यावर ट्रॉलीने मुरूम टाकला, पाणी मारले आणि वरून रोलर फिरवला. दुसरा मुरूम तोंडावर येतो. त्याला तारुण्यपिटिका असे पुस्तकी नाव आहे. आमची आजी पुटकुळ्या म्हणते. हा लेख दुसऱ्या मुरमाबद्दल आहे. पण पहिल्याचाही संबंध आहे, म्हणून तो आधी सांगितला.

दिवाळीनंतरच्या भित्तीपत्रकात कोड्यांच्या जागी मी एक कोडे लावले होते. त्यात रस्ता, मुरूम आणि रोलर होता, आणि उत्तर होते आमच्या ताईचे तोंड. गुरुजी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून मधल्या सुट्टीत मी ते डिंकाने स्वतःच चिकटवले. दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. पुष्कळ लोक हसले आणि मला फार आनंद झाला. ताई दहावीला आहे, ती एसटीने तालुक्याच्या शाळेत जाते. चार दिवसांत एसटीतल्या पोरी तिला रोलर म्हणायला लागल्या. मग ती तीन दिवस शाळेत गेलीच नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं, पण तिचं पोट दुखत नव्हतं, मला माहीत होतं.

गुरुजींनी मला मारले नाही. ते म्हणाले, "कोडं तू घातलंस, आता उत्तरही तूच नीट लिही. विचारून लिही आणि घाई करू नको." म्हणून आजी, ताई, आशाताई आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई यांना विचारून मी हे लिहिले आहे.

आपल्या कातडीत बारीक बारीक भोके असतात. त्यांतून केस उगवतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक लहान पिशवी असते, तिला तैलग्रंथी म्हणतात. ती थोडे थोडे तेल सोडते, म्हणून कातडी मऊ राहते. घामाची भोके वेगळी असतात. तळहाताला आणि तळपायाला या तेलाच्या पिशव्या नसतात, म्हणून तिथे मुरूम येत नाही. मी घरातल्या सगळ्यांचे तळहात पाहिले. आजीच्या तळहाताला घट्टे आहेत, पण मुरूम कोणालाच नाही.

मुलगा किंवा मुलगी मोठी व्हायला लागली की शरीरात काही रस वाढतात, त्यांना संप्रेरके म्हणतात. त्यांमुळे तेलाच्या पिशव्या मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडतात. कातडीचा मेलेला भुगा त्या तेलात चिकटतो आणि भोकाला बूच बसते. बूच वरून उघडे असले तर तिथे काळा ठिपका दिसतो. तो मळ नव्हे, कितीही घासला तरी जात नाही. तोंड बंद राहिले तर पांढरी पुळी दिसते. आत तेल साठले की कातडीवर नेहमी राहणारे जंतू तिथे वाढतात, मग ती जागा लाल होते, दुखते आणि पू होतो.

म्हणजे रक्त खराब झाले म्हणून मुरूम येतो हे खरे नाही. तोंड धुतले नाही म्हणून येतो हेही खरे नाही. ताई तर दिवसातून सहा वेळा तोंड धूत होती. आणि मुरूम एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मी काही दिवस ताईच्या टॉवेलला हात लावत नव्हतो, तो माझा वेडेपणा होता.

आता ताईने काय काय लावले ते सांगतो. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लिहायच्या आधी हेच विचारले, "आत्तापर्यंत काय काय लावलंस?" ताई गप्प बसली. मग आईने सांगितले. आधी जायफळ दुधात उगाळून लावले. मग मुलतानी माती लावली. कोणीतरी सांगितले म्हणून टूथपेस्ट लावून झोपली, तर सकाळी तिथली कातडी सोलली होती. लिंबू चोळून ती कापसाच्या रानात गेली, तेव्हा दिवसभर उन्हात होती. संध्याकाळी गाल भाजल्यासारखा झाला आणि नंतर तिथे काळा डाग पडला. बाई म्हणाल्या, लिंबाचा रस फार आंबट असतो, आणि तो लावून उन्हात गेले तर कातडी खरोखर भाजते.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट राहिलीच. एका नातेवाईक बाईंनी लग्नात ताईला एक ट्यूब दिली. "आठ दिवसांत गोरी होशील," म्हणाल्या. ती दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली होती. खरंच आठ दिवसांत ताईचे तोंड स्वच्छ झाले. आई खूश, आजी खूश. ट्यूब संपल्यावर मात्र मुरूम दुप्पट आले. म्हणून दुसरी आणली, मग तिसरी. ताईचे गाल उन्हात गेले की लाल व्हायचे आणि गालांवर बारीक लव वाढली. माझ्या कोड्याच्या वेळी ती तिसरी ट्यूब लावत होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती ट्यूब उशीखाली लपवायची.

आईने ती ट्यूब पिशवीतून काढून दाखवली. बाईंनी तिच्यावरची उभी तांबडी रेघ मला दाखवली. ज्या औषधावर अशी रेघ असते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे बारीक अक्षरांत असतात. हे औषध वाईट नाही, कातडीच्या दुसऱ्या काही आजारांना डॉक्टर ते थोडे दिवस देतात. पण मुरमाला लावायचे नाही. त्याने लाली दबते म्हणून बरे वाटते, पण कातडी पातळ होते आणि मुरूम उलट वाढतो. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पालकांनी घरातल्या ट्यूबवर तांबडी रेघ आहे का ते जरूर पाहावे. आमच्या घरी आणखी दोन निघाल्या. एक अण्णांच्या नायट्याची होती.

ती ट्यूब बंद केल्यावर पहिले तीन आठवडे ताईचे तोंड जास्तच बिघडले. बाईंनी हे आधीच सांगितले होते, म्हणून ती घाबरली नाही. म्हणजे घाबरली, पण दवाखाना सोडला नाही.

आता ताईचा रोजचा नेम सांगतो.

सकाळी उठल्यावर ती साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने तोंड धुते. फक्त बोटांनी हळू. वजरी, घासणी, खरखरीत पंचा काही वापरायचा नाही. टॉवेलने पुसायचे नाही, टिपायचे. तोंड दिवसातून दोन वेळा धुवायचे, आणि घाम आला तर आणखी एकदा. जास्त वेळा धुतले तर कातडी कोरडी पडून आग होते. ताईची सहा वेळांची सवय मोडायला फार दिवस लागले. मी मोजायचो आणि ती माझ्यावर ओरडायची.

मग एक पातळ मलम लावते, ज्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आहे. ते जंतू मारते. या मलमाची एक गंमत आहे. ते कपड्याचा रंग घालवते. ताईच्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे ढग झाले आहेत आणि माझ्या शाळेच्या हातरुमालावरही एक झाला आहे. म्हणून आता आईने तिला पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा दिला आहे. अभ्रा आठवड्यातून दोनदा धुतात.

त्यावर कातडी ओली ठेवणारे हलके मलम. मला वाटले, तेलकट तोंडाला आणखी हे कशाला? पण औषधाने कातडी कोरडी पडते, म्हणून ते लागते. ते पाण्यासारखे हलके असावे, तेलाचे नको. डबीवर नॉन-कॉमेडोजेनिक असे लिहिलेले पाहायचे, म्हणजे भोके न बुजवणारे. बाहेर जाताना उन्हाचे मलम लावते, त्यावर एस.पी.एफ. ३० असा आकडा आहे. आणि रानात जाताना ओढणी बांधते. उन्हाने मुरमाचे डाग जास्त काळे होतात.

डोक्याच्या तेलाचे मात्र घरात भांडण झाले. आजी दर सकाळी ताईच्या डोक्यावर खोबरेल तेल थापायची, ते कपाळावर ओघळायचे. ताईच्या कपाळावर केसांच्या कडेलाच जास्त पुटकुळ्या होत्या. बाई म्हणाल्या, तेच तेल भोके बुजवते. आजी म्हणाली, "माझं सगळं आयुष्य तेलात गेलं, मला काय झालं?" शेवटी असे ठरले की, तेल फक्त रविवारी न्हाण्याच्या आधी लावायचे, कपाळाला लागू द्यायचे नाही आणि लगेच धुवून टाकायचे. आजी अजून रागात आहे. ती आता माझ्या डोक्याला दुप्पट तेल लावते.

रात्री पुन्हा तोंड धुऊन, कोरडे होऊ देऊन, दुसरे मलम. त्याचे नाव ॲडापलीन, ०.१ टक्का. ते चिठ्ठीवरच मिळते. हे मलम भोकाचे बूच बसू देत नाही. एका वाटाण्याएवढे घेऊन सगळ्या तोंडाला लावायचे, नुसत्या पुळीवर नाही, कारण पुढची पुळी कुठे येणार ते आपल्याला दिसत नाही. डोळ्यांजवळ आणि ओठांवर लावायचे नाही. पहिले काही दिवस आग झाली, म्हणून बाईंनी एक दिवसाआड लावायला सांगितले. पोटात बाळ असलेल्या बायांनी हे मलम लावू नये, असे बाईंनी मुद्दाम सांगितले.

आणि फोडायचे नाही. हे सगळ्यांत अवघड आहे. ताईची बोटे अभ्यास करताना आपोआप गालाकडे जातात. फोडले की पू आत जातो, आणि नंतर डाग किंवा खड्डा राहतो. आरसा आता अण्णांनी खिळ्यावर उंच टांगला आहे, म्हणजे मला दिसतच नाही.

खाण्याचे बाई थोडेच बोलल्या. फार साखर, थंड पेये आणि बिस्किटे यांनी काहींचा मुरूम वाढतो, तेवढी कमी करावीत. भाकरी, भाजी, आमटी पोटभर खावी.

औषधाचा गुण आठ दिवसांत येत नाही. आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत गोरे करतो असे जे सांगते त्याची भीती वाटायला पाहिजे, असे आई आता म्हणते. मोठे, दुखणारे किंवा खड्डे पडणारे मुरूम असतील तर घरी वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सरकारी दवाखान्यात मोठ्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असते, तिथे हे विचारता येते. कुठल्या वारी असते ते आशाताईंना ठाऊक असते. त्या कोणाला सांगत नाहीत, हे मी विचारून घेतले आहे.

ताईचा आता अकरावा आठवडा चालू आहे. नवीन पुळ्या कमी येतात, मागच्या रविवारी मी मोजल्या तर चारच होत्या. डाग आहेत, ते जायला आणखी काही महिने लागतील असे बाई म्हणाल्या. ती रोज शाळेत जाते. एसटीत अजून एक पोरगी रोलर म्हणते, बाकीच्यांनी सोडून दिले. त्या पोरीच्या कपाळावर पण आता दोन आल्या आहेत. मी काही बोललो नाही.

हा लेख ताईने वाचला आणि मगच लावू दिला. तिने शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि दोन ओळी खोडल्या. त्या कोणत्या, ते मी सांगणार नाही.

— इयत्ता चौथी