घर पाहावं बांधून – वीतभर उंचीचं!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. यातलं दुसरं आपण निभावून नेलेलं असतं. पहिलं मात्र बहुतेक वेळा बिल्डर, गवंडी आणि घरातले पुरुष यांच्याच ताब्यात राहतं. पण मैत्रिणींनो, एक घर असं आहे, की जे पायापासून छपरापर्यंत तुम्हाला स्वतःच्या हातांनी उभं करता येतं आणि तेही जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. ते म्हणजे बाहुलीघर!

हल्ली त्याचे सुटे भाग खोक्यात भरून तयार मिळतात, घरबसल्या मागवताही येतात. त्याला ‘किट’ म्हणतात. प्लायवुडच्या नाहीतर एमडीएफच्या पातळ फळ्या, त्यांत लेसरने कापून ठेवलेल्या भिंती, जिने, खिडक्या, इवल्याशा खुर्च्या, वॉलपेपर, पडद्यासाठी कापड, दोन-चार एलईडी दिवे आणि चित्रांची एक पुस्तिका. खोक्यावर तयार घराचं देखणं चित्र. लेकीच्या वाढदिवसासाठी म्हणून, नाहीतर चक्क स्वतःच्या हौसेसाठी हे खोकं घरात येतं. पहिल्या आठवड्यात एक खोली उभी राहते. मग कुठे एक भिंत किंचित तिरपी बसते, वॉलपेपरला फुगा येतो, आणि ‘उद्या नीट बघू’ म्हणत खोकं कपाटावर जातं. तिथे आधीच एक अर्धवट विणलेला स्वेटर आणि फ्रेमसकट भरतकामाचा रुमाल वाट पाहत बसलेले असतात!

घरचे यावर ‘आरंभशूर’ म्हणून हसतात. पण पहाटे उठून डबे भरणाऱ्या, वर्षाचं तिखट-मसाले करणाऱ्या, दिवाळीचा फराळ एकहाती उरकणाऱ्या बाईला आळशी कसं म्हणावं? काम अडतं ते आळसाने नव्हे. ते अडतं ‘झालं तर अगदी चित्रासारखं झालं पाहिजे’ या हट्टापायी.

नीटनेटकेपणाचा काच

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी हे नेहमी पाहते. कोरा कागद परत देणाऱ्या मुली ढ नसतात. बहुधा त्यांचंच अक्षर वर्गात सर्वांत सुंदर असतं. एक रेघ वाकडी आली की त्या खोडतात, पुन्हा काढतात, पुन्हा खोडतात. शेवटी कागद फाटतो आणि तास संपतो. शेजारची मुलगी तोवर वेडंवाकडं का होईना, कागदाचं घर करून खिडकीत ठेवूनही मोकळी झालेली असते.

या परिपूर्णतेच्या हव्यासाचा अभ्यास झालेला आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ साली त्याचे तीन प्रकार मांडले. पहिला, माणूस स्वतःकडूनच निर्दोषपणाची अपेक्षा धरतो. दुसरा, तो ती इतरांकडून धरतो. आणि तिसरा, इतर लोक आपल्याकडून तशी अपेक्षा करताहेत असं त्याला वाटत राहतं. हा तिसरा प्रकार आपल्याला समजावून सांगायला नको! पोळी गोल हवी, चकलीला काटा हवा, पाहुणे यायच्या आत दिवाणखाना लख्ख हवा. कोणाची ना कोणाची नजर आपल्या हातांवर असतेच. बाहुलीघराकडे बघायला ना सासूबाई येणार, ना शेजारीण. तरी ती नजर आपण बरोबर घेऊन बसतो. काम आपलं, हौस आपली, आणि परीक्षा मात्र लोकांची, असं होतं.

खोक्यावरचं चित्र आणि खरी घरं

ज्या नामांकित बाहुलीघरांचे फोटो पाहून आपण हरखतो, ती कशी झाली हेही जरा पाहा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं बाहुलीघर आहे. त्या एका व्यापाऱ्याच्या पत्नी. हे घर लहान मुलीचं खेळणं नव्हतं, मोठ्या बाईची हौस होती. १६८६ च्या सुमारास सुरू झालेलं ते काम १७१० च्या आसपासपर्यंत चाललं, म्हणजे वीस वर्षांहून जास्त! आणि त्यावरचा खर्च तिथल्या कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीच्या जवळ गेला म्हणतात.

दुसरं, इंग्लंडच्या राणी मेरीचं बाहुलीघर. ते आजही विंडसरच्या किल्ल्यात पाहायला मिळतं. त्याचा आराखडा एडविन लट्यन्स यांचा. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं, तेच हे. १९२१ ते १९२४ या काळात ते घर तयार झालं. त्यात दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. पण त्यासाठी सुमारे १,५०० कलावंत, कारागीर आणि कारखानदार राबले.

आता सांगा, एकीला वीस वर्षं आणि मुबलक पैसा, दुसरीच्या दिमतीला दीड हजार माणसं. आपल्याकडे मात्र रात्री ओटा पुसल्यानंतरचा अर्धा तास आणि दोन हात. मग कशाला ती तुलना?

कुठे काटेकोर, कुठे मोकळं?

याचा अर्थ कसंही चिकटवून मोकळं व्हावं, असा नाही. उत्तम सुगरण प्रत्येक गोष्टीत सारखीच काटेकोर नसते. चकलीची भाजणी आणि मोहन तिला बरोबर लागतं, कारण ते चुकलं तर घाणाच फसतो. एखाद्या चकलीचं टोक सुटलं तर ती तिकडे पाहतही नाही. शिंपीही कॉलरसाठी जीव टाकतो, आतल्या शिवणीसाठी नाही. काटेकोरपणा कुठे हवा हे ओळखणं, यालाच हाताचं कसब म्हणायचं. सगळीकडे सारखाच हवा म्हणणं हे कसब नव्हे, ती भीती आहे.

बाहुलीघरात काटेकोर राहायचं ते फक्त तीन ठिकाणी. भिंती एकमेकींशी काटकोनात हव्यात, तळ सपाट हवा आणि दार-खिडक्या मोकळ्या उघडायला हव्यात. भिंत तिरपी गेली तर छप्पर बसत नाही, म्हणून तिथे दुरुस्ती तिथल्या तिथे. बाकी सगळ्याला एकच कसोटी: घर हातभर अंतरावर ठेवा आणि बघा. दिसत नसेल तर पुढे चला. दिसत असेल तर त्यावर तसबीर लावा, पडदा सोडा, नाहीतर कुंडीतली वेल चढवा.

मापाचंही समजून घ्या. बाहुलीघराचं रूढ प्रमाण १:१२ असतं. म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तो इथे एक इंच. आठ फुटांची भिंत इथे आठ इंचांची, आपल्या वितीएवढी. त्यामुळे एक मिलिमीटरची फट इथे बारा मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंचाची वाटते. डोळ्याला ती खुपते, यात नवल नाही. लहान किटं बरीचशी १:२४ च्या प्रमाणात असतात. तिथे तीच फट दुप्पट वाटते. म्हणून ‘पहिलंच आहे, छोटंसं घेऊ’ या हिशेबाने फार इवलं किट घेऊ नका. कमी खोल्यांचं घ्या, पण भाग बोटांत नीट धरता येतील असं घ्या.

प्रत्यक्ष कामाला लागताना

पहिल्या दिवशी काहीच चिकटवायचं नाही. पुस्तिका शेवटपर्यंत पाहायची आणि भाग मोजायचे. भाग फळीतून सगळे एकदम सोडवू नका, कारण आकडे बहुधा फळीवर छापलेले असतात. लागेल तो भाग सोडवा आणि त्याच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहा. बारीकसारीक वस्तूंसाठी इडलीपात्राचं ताट फार सोयीचं. प्रत्येक खळग्यात एकेका खुर्चीचे भाग!

सोडवलेल्या भागाच्या कडा १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. मग गोंद न लावता सगळ्या भिंती कागदी चिकटपट्टीने उभ्या करून पाहा. ही रंगीत तालीम चुकवू नका. खाच घट्ट आहे, भिंत उलटी आहे, हे इथेच कळतं आणि पुढची निम्मी चिडचिड वाचते.

रंग आणि वॉलपेपरचं काम शक्यतो जोडणीच्या आधी करा. लाकडाला पॉलिश द्यायचं असेल तर ते गोंदाच्या आधीच हवं, कारण गोंद लागलेल्या जागी पॉलिश मुरत नाही आणि पांढुरका डाग राहतो. पातळ फळीच्या एकाच बाजूला रंग दिला तर ती वाकते, म्हणून मागच्या बाजूलाही एक पातळ हात फिरवा. एमडीएफच्या कडा पाणी पितात आणि फुगतात, त्यांना आधी प्रायमर लावा. पावसाळ्यात तर हे विसरूच नका. वॉलपेपर मधून कडेकडे दाबत न्यावा. फुगा आलाच तर सुईने टोचून बोटाने दाबला की बसतो.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद काडीच्या टोकाने अगदी थोडा लावा. जास्त लावला की बाहेर ओघळतो. मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या कोपऱ्यात धरून काटकोन तपासा, रबरबँड लावा, दोन्ही बाजूंना जाड शब्दकोश टेकवा आणि रात्रभर हात लावू नका.

दोन गोष्टी जपायच्या. कटरने एका दमात कापू नका, लोखंडी पट्टी धरून हलके हलके चार वेळा पातं फिरवा. आणि दिव्यांसाठी येणारे बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. तशी शंका जरी आली तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यायला हवं.

उत्साह टिकवायचा कसा?

उत्साह येईल तेव्हा बसू, असं म्हणाल तर खोकं कपाटावरच राहील. उत्साह बसल्यावर येतो, आधी नाही. सगळं सामान एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवा. तो पलंगाखाली सरकवता येतो आणि क्षणात बाहेर काढता येतो. मांडामांडीलाच वीस मिनिटं लागली तर काम कधी होणार? रोज वीस मिनिटं पुरेत. उठताना काम अशा ठिकाणी सोडा, की उद्या पहिला हात कशाला लावायचा ते ठाऊक असेल. ‘उद्या: जिन्याची तिसरी पायरी’ अशी चिठ्ठीच ट्रेमध्ये ठेवून द्या.

सुरुवात दर्शनी खोलीने करू नका. न्हाणीघर, माळा, मागची खोली आधी घ्या. हात बसेपर्यंतचं सगळं वेडंवाकडं तिथे होऊन जाऊ दे. दिवाणखान्यापर्यंत पोचाल तेव्हा हात सरावलेला असेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं सांगते. खोक्यावरचं ते चित्र एकदा जोडणी समजली की कपाटात ठेवून द्या. ही किटं बहुतेक परदेशी धाटणीची असतात. त्यांत शेकोटी असते, कॉफीचं दुकान असतं. त्या शेकोटीच्या जागी देव्हारा बसवा. काड्यापेटीचं तुळशीवृंदावन करा, जुन्या साडीच्या काठाची दोन बोटांची गोधडी शिवा, बांबूच्या टेबलमॅटचा तुकडा कापून चटई अंथरा, दोऱ्याला मणी ओवून दाराला तोरण बांधा. भातुकलीतली भांडी ठेवणार असाल तर आधी बाराने गुणून पाहा. दोन इंचांची कढई या घरात दोन फुटांची होईल, म्हणजे थेट लग्नाच्या पंगतीची! अशा बदलांनी एक मोठा फायदा होतो. देव्हारा आणि तुळस असलेल्या घराचं चित्र कुठल्याच खोक्यावर नसतं. मग तुलना कशाशी करणार?

थांबायचं कधी, हेही आधीच ठरवून ठेवा. सुरू करतानाच कागदावर लिहा: चार भिंती, छप्पर, दिवा आणि अमुक इतक्या वस्तू झाल्या की घर झालं. त्यानंतर सुचेल ती सजावट, दुरुस्ती नव्हे. नाहीतर ‘एवढं नीट करते आणि मग दाखवते’ असं म्हणता म्हणता वर्ष उलटतं.

घर झालं की ते उलटं करा आणि तळाला पेनने महिना, साल आणि तुमचं नाव लिहा. मग पुढच्या दारावर एक इवलीशी पाटी लावा. खऱ्या घराच्या दारावर अजूनही बहुधा ‘यांच्या’च नावाची पाटी असते. या घराच्या पाटीवर तुमचं नाव येऊ दे. अक्षर थोडं तिरपं आलं तरी राहू द्या.