दीड तासाचं नागपूर!

मुंबई-नागपूर फ्लाइट टाइम दीड तास. मग घरी पोचायला नऊ तास का लागतात?

रात्री अकराला आईचा फोन. ‘‘बाबांना ॲडमिट केलंय. छातीत दुखत होतं. तू ये.’’ मी दादरच्या फ्लॅटमध्ये, बाबा नागपुरात धंतोलीला. पहिला विचार आला, दीड तासाचं तर विमान आहे!

लॅपटॉप उघडला आणि फुगा फुटला. रात्रीची शेवटची फ्लाइट निघून गेलेली. दुरांतोही कधीच सुटलेली. पहिलं विमान पहाटे सहाचं. समृद्धी महामार्ग? 2025 मध्ये तो आमणेपर्यंत पूर्ण झाला, नागपूर आठ तासांवर आलं. पण आधी दादरहून आमणे गाठा, मग हात थरथरत असताना रात्रभर सरळसोट रस्त्यावर 701 किलोमीटर गाडी चालवा. मित्राने किल्ली काढून घेतली. थँक्स, बॉस!

हा दीड तास येतो कुठून?

सरळ रेषेत मुंबई-नागपूर अंतर जेमतेम 680 किलोमीटर. रेल्वेने तेच 837. जेट विमान ताशी आठशेच्या वर उडतं, म्हणजे तासाभराचंच काम. पण तिकिटावरचा वेळ मोजतात तो विमान पार्किंगमधून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला पार्क होईपर्यंत. त्यात रनवेपर्यंतची रांगही आली. त्यातून मुंबईच्या जुन्या एअरपोर्टचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. येताना आकाशात घिरट्या घालायची तयारी ठेवा!

गंमत म्हणजे नागपूरला रात्रीची विमानं नवी नाहीत. 1949 मध्ये नाइट एअरमेल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि सकाळपर्यंत परत. पत्रं रातोरात पोचायची. मी मात्र सोफ्यावर बसून पहाटेची वाट बघत होते.

खरा हिशेब

घर ते एअरपोर्ट : 1 तास
चेक-इन, सिक्युरिटी : दीड तास
फ्लाइट : दीड तास
बॅग आणि पुढचा प्रवास : पाऊण तास
एकूण : पावणेपाच तास

हा झाला दिवसाचा हिशेब. रात्री त्यात पहाटेपर्यंतची वाट मिळवा. तेव्हा आई-बाबा दुसऱ्या शहरात असतील तर तीन गोष्टी आजच करा. पहिल्या आणि शेवटच्या फ्लाइटची वेळ फोनमध्ये सेव्ह करा. हँडबॅगेवरच निघा, बेल्टसमोरचा वेळ वाचेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथल्या एका शेजाऱ्याचा नंबर जवळ ठेवा. आमच्या बाबांना हॉस्पिटलात नेलं ते शेजारच्या काकांनी, दहा मिनिटांत. कुठलंही विमान त्याहून फास्ट नाही.

सव्वाआठला मी वॉर्डात शिरले. ॲन्जिओप्लास्टी रात्रीच झाली होती. आई बाहेरच्या बाकावर होती. बाबांनी डोळे किलकिले केले आणि म्हणाले, ‘‘काहून एवढा उशीर? विमान तर दीड तासाचं होतं ना!’’