लाल शाईतलं आडनाव १९३९ सालचं नाही

‘आमच्या आजेसासूबाईंचं लग्न १९३९च्या आधीच झालं होतं. सरकारी वहीत नवऱ्याचं आडनाव आहे ना!’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते अर्ध्यावर असतानाच माझा हात वर जातो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत आज इंग्रज सुना-जावई आहेत. नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ काढायला बसलं की मराठी बाजू कुलवृत्तांताकडे वळते, आणि इंग्रज बाजू हमखास १९३९च्या राष्ट्रीय नोंदवहीपाशी येते. तिथं एखाद्या बाईचं एक आडनाव रेघ मारून खोडलेलं असतं आणि त्याच्या डोक्यावर लाल किंवा हिरव्या शाईत दुसरं लिहिलेलं असतं. मग तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं चोरून लग्न केलं होतं, कुणी म्हणतं खोट्या नावानं राहत होती, कुणी म्हणतं युद्धात सरकारनंच नाव बदललं.

यातलं काहीही ती खोडलेली रेघ सांगत नाही.

युद्ध जाहीर होऊन चार आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २९ सप्टेंबर १९३९ हा नोंदणीचा दिवस ठरला. सुमारे ६५ हजार गणकांनी घरोघर फॉर्म पोचवले. त्या रात्री घरात कोण कोण आहे ते घरातल्या कर्त्या माणसानं भरायचं होतं. नंतर गणक फॉर्म घ्यायला परत आले, त्यांनी मजकूर तपासला, जागेवरच ओळखपत्रं लिहून दिली आणि माहिती वहीत उतरवली. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ४ कोटी १० लाख माणसांची नोंद अशी तयार झाली. या वहीचं मोल मोठं आहे, कारण १९३१च्या जनगणनेचे कागद १९४२ साली आगीत जळाले आणि १९४१ची जनगणना झालीच नाही. १९२१ ते १९५१ या तीस वर्षांत जवळजवळ संपूर्ण लोकसंख्येचा माग लावायला दुसरं काही उरलेलं नाही.

पण ही जनगणना नव्हती, आणि सगळा घोटाळा इथंच होतो. जनगणना एका रात्रीचं चित्र काढते आणि बंद होते. ही वही मात्र वापरायची होती. ओळखपत्र आणि रेशन पुस्तक तिच्यावरूनच मिळायचं, त्यामुळे नाव बदललं की नोंद दुरुस्त करणं आलं. जुलै १९४८मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिनं हीच वही हाताशी धरली. युद्धातला ओळखपत्राचा क्रमांकच रुग्णाचा क्रमांक झाला. ओळखपत्रं १९५२च्या फेब्रुवारीत रद्द झाली, रेशनिंग १९५४च्या जुलैत संपलं, तरी वही आरोग्य सेवेकडे चालूच राहिली, थेट १९९१पर्यंत. म्हणजे मूळ ओळ १९३९ची आणि तिच्यावरचं लिखाण पुढच्या बावन्न वर्षांत कधीचंही असू शकतं.

समजा, एथेल टेलर नावाची वीस वर्षांची मुलगी १९३९ साली आईवडिलांकडे राहत होती आणि १९४७ साली लग्न करून एथेल कार्टर झाली. कारकुनानं टेलर खोडून वर कार्टर लिहिलं. आज वंशावळीच्या संकेतस्थळावर ही वही शोधताना तिचं नाव दोन्ही आडनावांनी सापडतं, कारण सूची करणाऱ्यांनी दोन्ही उतरवून घेतली. कार्टर शोधणाऱ्या पणतीला १९३९ सालच्या पानावर एथेल कार्टर दिसते आणि ती वंशावळीत ‘विवाह १९३९पूर्वी’ असं टाकून मोकळी होते. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात अविवाहित असल्याची खूण तिथंच, त्याच ओळीत आहे! तीही कुणी वाचत नाही. मग दुसरा नातेवाईक ती वंशावळ जशीच्या तशी उचलतो, तिसरा त्याच्याकडून घेतो, आणि आठ वर्षांची चूक तीन घरांत नांदू लागते. मला खरा राग येतो तो इथं.

पडताळा घेणं अवघड नाही. १९१२पासून इंग्लंड-वेल्सच्या विवाहसूचीत जोडीदाराचंही आडनाव छापलेलं आहे. टेलर आणि कार्टर एकाच तिमाहीत, एकाच नोंदणी जिल्ह्यात शोधायचे. दुरुस्तीशेजारी कधी तारीख असते, पण ती कारकुनाला खबर मिळाल्याची, लग्नाची नव्हे. आणि दुरुस्ती नसली म्हणून लग्न झालंच नाही, असंही ठरवू नये. कळवलं तर नोंद व्हायची, नाही कळवलं तर राहून जायची.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. न खोडलेलं मूळ आडनावसुद्धा लग्नाचा पुरावा नाही. इंग्लंडमध्ये १९३७चा कायदा अमलात येईपर्यंत घटस्फोटासाठी व्यभिचार सिद्ध करावा लागे. त्यामुळे जुनं लग्न मोडता न येणारी जोडपी एकत्र राहत आणि ती बाई त्याचं आडनाव सरळ वापरायला लागे. तिथल्या कायद्यात फसवणुकीचा हेतू नसेल तर नुसत्या वापरानं नाव बदलता येतं. अशी बाई वहीत ‘विवाहित’ म्हणून दिसेल. शिवाय कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकानाच या वहीत नाही. ‘रेशन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आपलं रेशनकार्ड येतं, प्रमुखाच्या नावाखाली बायको, मुलं, सून. तिथं रेशन पुस्तक माणशी एक होतं, पाच वर्षांखालच्या मुलांचं आणि गरोदर बायकांचं हिरवं, शाळकरी मुलांचं निळं, बाकीच्यांचं फिकट पिवळट. एका छपराखालच्या चार ओळी म्हणजे एक कुटुंब, असं मानू नका. त्यात पोटभाडेकरू असतील, सप्टेंबरच्या सुरुवातीला शहरातून हलवलेली मुलं असतील.

‘नाव बदललं म्हणजे कुठंतरी दस्त असणारच’ हाही गैरसमज. नावबदलाचा दस्त न्यायालयात नोंदवणं ऐच्छिक होतं आणि बहुतेकांनी नोंदवला नाही. युद्धकाळात मात्र डिसेंबर १९४४पर्यंत ब्रिटिश प्रजाजनाला नाव बदलण्याआधी एकवीस दिवस राजपत्रात जाहिरात द्यावी लागे. आपल्याकडे नाव बदलल्यावर राजपत्र काढतात, तिथं तेव्हा आधी काढत. लग्नामुळे बदललेलं नाव यातून वगळलेलं होतं, म्हणून एथेलसारखीला राजपत्रात शोधू नका.

‘जर्मन आडनाव होतं, ते १९३९ साली बदललं असेल.’ अनेकदा ते आधीच्या महायुद्धातच बदललेलं असतं. १९१७ साली खुद्द राजघराणं विंडसर झालं आणि बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले, आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयचं घराणं तेच. जुनं नाव १९३९च्या वहीत मिळणार नाही, त्यासाठी १९११च्या जनगणनेपर्यंत मागं जावं लागेल.

‘निर्वासित ज्यूंनी आल्या आल्या इंग्रज नावं घेतली.’ परदेशी नागरिकाला ब्रिटनमध्ये नाव बदलायला १९१९च्या कायद्यानं बंदी होती आणि ती १९७१पर्यंत टिकली. गृहमंत्र्यांची परवानगी हा अपवाद होता. पण जर्मन बोलणाऱ्या निर्वासितांची एक कमांडो तुकडी १९४२ साली उभी राहिली, तेव्हा शत्रूच्या हाती लागलो तर जर्मन देशद्रोही म्हणून गोळी घालतील या भीतीनं त्या तरुणांना नावं बदलायला लावली. क्लाउस अॅशर कॉलिन अॅन्सन झाला, पीटर अरानी पीटर मास्टर्स झाला. अशा घरातल्या माणसाचा १९३९मधला माग काढायचा असेल तर जन्माचं नाव हाताशी ठेवूनच वही उघडा.

आणि ‘आमचं माणूस वहीत नाहीच’ असं वाटलं तर आधी काळी पट्टी पाहा. ज्यांच्या जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत आणि ज्यांच्या मृत्यूची नोंद मिळालेली नाही, त्यांची ओळ झाकलेली असते. बराकीत असलेले सैनिक मुळातच त्यात नाहीत, आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या वह्या वेगळ्या आहेत, त्या तिथल्या अभिलेखागारांकडे मागाव्या लागतात.