एका अंधाराचे तीन फोटो

अंबरनाथच्या शिवमंदिरात भर दुपारी सभामंडपात उभं राहून कॅमेरा दाराकडे वळवावा. बाहेरचं आवार नीट यावं म्हणून प्रकाश कमी घेतला, तर आतले कोरीव खांब नुसते काळे ठोकळे होतात. खांबांवरची नक्षी यावी म्हणून प्रकाश वाढवला, तर दाराबाहेरचं सगळं पांढरंफटक. फोटोवाल्यांच्या भाषेत ‘हायलाइट उडाले’. गंमत अशी की त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाला खांबही दिसत असतात आणि आवारही. महागड्या कॅमेऱ्याला जे जमत नाही, ते डोळ्याला कसं जमतं?

उत्तर बाहुलीत असेल असं वाटतं, पण ते तिथे नाही. बुबुळामधली बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून फार तर ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे आत येणारा प्रकाश जेमतेम सोळापट बदलतो. बाकी सगळी करामत दृष्टिपटलाची आणि मेंदूची. खांब बघताना डोळा खांबापुरता जुळवून घेतो, दाराकडे वळला की दारापुरता. असे अनेक तुकडे मेंदू जोडतो आणि ‘एकच दृश्य पाहिलं’ असा आपला पक्का समज करून देतो. खरं तर आपण एकच फोटो कधी काढतच नाही.

हौशी फोटोग्राफर ज्याला एचडीआर म्हणतात, हाय डायनॅमिक रेंज, ती याच युक्तीची नक्कल. डायनॅमिक रेंज म्हणजे दृश्यातल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या जागेतलं अंतर. ते स्टॉपमध्ये मोजतात. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप. भर उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. निमअंधाऱ्या दगडी दालनात दहा लक्स मिळाले तर नशीब. दोन्हींत दहा हजारपटींचा फरक, म्हणजे तेराहून जास्त स्टॉप. शिवाय आतला बेसॉल्ट काळा, प्रकाश गिळणारा. बाहेर कुणाचा पांढरा सदरा उन्हात लखलखतो. अंतर आणखी वाढलं. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कागदोपत्री चौदा स्टॉपच्या आसपास पेलतो, पण त्यातले खालचे स्टॉप दाणेदार गोंगाटात बुडालेले असतात. आणि नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला मिळतात फक्त २५६ पायऱ्या.

मग एकाच चौकटीचे तीन फोटो काढायचे: एक दोन स्टॉप कमी, एक बरोबर, एक दोन स्टॉप जास्त. याला ब्रॅकेटिंग म्हणतात. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून इथे बरेच जण श्वास रोखून, कॅमेरा छातीशी घट्ट धरून तीन क्लिक करतात. पहिल्या फोटोत आवार सुखरूप, तिसऱ्यात नक्षी सुखरूप.

ही शक्कल संगणकाहून कितीतरी जुनी आहे. १८५०च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राचे फोटो काढले. तेव्हाची रासायनिक काच निळ्या प्रकाशाला इतकी हळवी, की लाटा उमटेपर्यंत आकाश जळून जायचं. त्यांनी काही चित्रांसाठी समुद्राची एक निगेटिव्ह घेतली, आकाशाची दुसरी, आणि क्षितिजावर सांधून एकच छाप काढला. १९९७मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी या सांधकामाला गणित दिलं. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून कॅमेऱ्याचा स्वभाव ओळखायचा आणि प्रत्येक ठिपक्यावर मुळात किती प्रकाश होता, त्याचा नकाशा तयार करायचा.

आता खरी पंचाईत सुरू होते. नकाशात दहा हजारपटींचा फरक आहे, आणि छापील कागदाला त्याचा लहानसा अंशच झेपतो. एवढा पल्ला तेवढ्यात बसवायचा, याला टोन मॅपिंग म्हणतात. सगळं सरसकट दाबलं तर फोटो धुरकट होतो. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक जागेचा प्रकाश तिच्या शेजाऱ्यांशी ताडून बघतं आणि तिथल्या तिथे उजळवतं किंवा उतरवतं.

फोटो मित्रांसमोर ठेवल्यावर ज्या चुकांवर बोट ठेवलं जातं, त्यांतल्या बहुतेक इथेच जन्मतात. बदलापूरहून पावसाळ्यात चंदेरीचा सुळका टिपला, मागे उजळ ढग, पुढे काळपट हिरवा उतार. आणि कड्याच्या कडेने एक चमकता पट्टा उमटला. कुणीतरी म्हणतंच, “अरे, डोंगराला ट्यूबलाइट लावलीय का?” हा हेलो. कड्यालगतच्या ठिपक्यांचा हिशेब करताना सॉफ्टवेअरने डोंगर आणि आकाश दोघांना शेजारी धरलं, आणि सीमेवर त्याचा अंदाज चुकला. संध्याकाळी उल्हासनगरच्या कॅम्पमधल्या बाजारात दुसरं दुखणं. दुकानांच्या पाट्या डोळे दिपवणाऱ्या, गल्ली अंधारी. एचडीआरला अगदी योग्य जागा. पण तीन क्लिक होईतो रिक्षा पुढे सरकलेली, माणसं चालती, आणि जोडलेल्या फोटोत अर्धपारदर्शक भुतं. याला घोस्टिंगच म्हणतात.

मूळच्या भारतीय असलेल्या श्री नय्यर यांनी तोमोओ मित्सुनागा यांच्याबरोबर २०००मध्ये यावर एक सुंदर तोड सुचवली: तीन फोटो काढूच नका, एकाच सेन्सरवरचे शेजारशेजारचे ठिपके वेगवेगळा प्रकाश घेतील असे करा. एकाच क्षणात सगळी एक्स्पोजर. आजचा फोन वेगळ्या वाटेने जातो. २०१०मध्ये आयफोनमध्ये एचडीआर आलं, तेव्हा ते वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या चौकटी जोडायचं. पुढे गूगलने मुद्दाम कमी प्रकाशाच्या, एकसारख्या अनेक चौकटी झपाट्याने घेऊन त्या एकमेकींवर बसवायची पद्धत आणली. आकाश उडत नाही आणि सरासरी काढल्यामुळे अंधारातला गोंगाट विरतो. आपण बटण एकदा दाबतो. फोनने तोवर अख्खी माळ ओवलेली असते.

मग फोनवालाच जिंकला? टीकेतली सर्वांत जिव्हारी लागणारी ओळ अजून शिल्लक आहे: “सगळं दिसतंय, पण ऊन कुठून येतंय तेच कळत नाही.” अंबरनाथच्या मंदिरात ही चूक फार महाग पडते. गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वरचं शिखर उघडं असल्याने माथ्यावरून आकाश आत येतं. दारातून पुढे सरकताना उजेड टप्प्याटप्प्याने ओसरतो आणि खाली पोचल्यावर एकदम वरून उतरतो. सगळे कोनाडे सारखे उजळवले, की हा चढउतार पुसला जातो. म्हणून जाणते लोक नवख्यांना सांगतात, नक्षी उघडी कर, पण खाली एक काळा कोपरा काळाच ठेव.

किती ठेवायचा, हे मात्र गणित सांगत नाही. प्रकाशाचा नकाशा ही नोंद. त्याचं चित्र करणं हे वाचन. या मंदिरालाच ते माहीत आहे. इथल्या शिलालेखाचं साल डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असं वाचलं होतं. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईतल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा वाचला, आणि शिलाहार राजा माम्वाणीशी जुळणारं हेच साल आज मान्य आहे. दोनशे वर्षांची दुरुस्ती झाली, ती मूळ दगड जागेवर होता म्हणून. तेव्हा एचडीआर जमलं या आनंदात त्या तीन मूळ फायली डिलीट करू नयेत. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर सुधारेल, आपली नजरही सुधारेल, किंवा एखादा खडूस मित्र मुद्द्याचं बोलेल; आणि तेच दृश्य पुन्हा, बरोबर वाचायची सोय राहील.