बागेतला विलो, ओढ्याकाठचा वाळुंज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोसायटीची बाग असो की चाकणच्या कारखान्याची हिरवळ, पाण्यावर झुकलेला एखादा विलो असावा असं अनेकांना वाटतं. रोप आणण्याआधी काही समजुती तपासून घ्या.

गैरसमज: विलो थंड प्रदेशातलाच, आपल्याकडे तो नाही.
वस्तुस्थिती: सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा वाळुंज हा विलोच आहे. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. पानं लांबट, टोकदार, खालून फिकट रुपेरी. नर आणि मादी झाडं वेगवेगळी. पुणे परिसरातल्या नदीकाठांवर करंज, उंबराच्या सोबतीने वाढणारा हा इथलाच वृक्ष.

गैरसमज: लोंबत्या फांद्या आणि लाल फुलं दिसली की तो विलो.
वस्तुस्थिती: तो बॉटलब्रश. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, जांभळाच्या कुळातला. विलोची फुलं बिनपाकळ्यांची, बारीक तुऱ्यांत येतात. खरा लोंबता विलो, सॅलिक्स बॅबिलोनिका, मूळचा चीनचा.

गैरसमज: पाकिटातल्या बियांतून गुलाबी-पांढऱ्या पानांचा विलो उगवेल.
वस्तुस्थिती: बहुतेक विलोंच्या बियांची उगवणक्षमता थोड्याच दिवसांत संपते. रंगीत पानांचा ‘हाकुरो निशिकी’ फांदीपासूनच वाढवतात. शिवाय तो थंड हवेचा. आपलं एप्रिल-मेचं ऊन त्याला मानवत नाही. वाळुंजाचं काम सोपं: पावसाळ्यात फांदीचा तुकडा ओल्या मातीत रोवला की तो मुळं धरतो.

गैरसमज: विलोची मुळं धडधाकट पाइपही फोडतात.
वस्तुस्थिती: मुळं ओलीच्या मागावर जातात. सांधा झिरपत असेल तर फटीतून आत शिरतात आणि पाइप तुंबवतात. म्हणून ड्रेनेजची लाइन, पाण्याची टाकी आणि इमारतीचा पाया यांपासून झाड चांगलं लांब लावावं.

गैरसमज: सांडपाण्याच्या कडेला विलो लावले की पाणी शुद्ध होतं.
वस्तुस्थिती: विलोच्या काही जाती कॅडमियम आणि जस्त शोषून पानांत, फांद्यांत साठवतात हे खरं. पण धातू नाहीसा होत नाही, मातीतून झाडात जातो, आणि पाचोळ्यासोबत पुन्हा जमिनीवर येतो. अशा झाडाचा पाचोळा खताच्या खड्ड्यात टाकू नये. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची जागा झाडं घेऊ शकत नाहीत.

मग लावायचं काय? पवना, इंद्रायणी किंवा भामेच्या काठी, ओढ्यालगत मोकळी जागा असेल तर वाळुंज. जागा कोरडी, आटोपशीर असेल तर लोंबत्या फांद्यांची हौस बॉटलब्रशवर भागवावी. त्याला सतत ओल लागत नाही.