कंपायलर इष्टतमीकरण

कंपायलर इष्टतमीकरण म्हणजे उगमसंहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करताना, प्रोग्रामचा दृश्य परिणाम कायम राखून तो अधिक वेगवान किंवा आकाराने लहान करण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात तिला ऑप्टिमायझेशन असेच म्हटले जाते. जीसीसी या कंपायलरमध्ये '-ओ१', '-ओ२', '-ओ३' अशा पर्यायांनी तिची पातळी ठरते. पर्याय न दिल्यास इष्टतमीकरण जवळजवळ होत नाही. त्यामुळे चाचणीत बिनचूक चाललेला प्रोग्राम '-ओ२' देऊन बांधल्यावर चुकीची उत्तरे देऊ लागतो, असा प्रसंग अनेकदा येतो. दोषाचे खापर तेव्हा कंपायलरवर फोडले जाते. तो बहुधा उगमसंहितेतच असतो.

निर्माण झालेल्या संहितेचे स्वरूप

इष्टतमीकरण झालेली यंत्रसंहिता मूळ ओळींच्या क्रमाने वाचता येत नाही. लहान फंक्शने बोलावणाऱ्या जागीच विरघळतात, काही चले नाहीशी होतात आणि डीबगर त्यांचे मूल्य दाखवू शकत नाही. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकाला १० ने भागले, तर यंत्रसंहितेत बहुधा भागाकाराची आज्ञाच सापडत नाही. तिथे ३४३५९७३८३७ ने गुणून गुणाकार ३५ बिट उजवीकडे सरकवलेला असतो. प्रथमदर्शनी ही संख्या बिघाड वाटते. वस्तुतः २ च्या ३५ व्या घाताला १० ने भागून येणारे उत्तर पुढील पूर्णांकापर्यंत नेले की हीच संख्या मिळते. प्रोसेसरला गुणाकार भागाकारापेक्षा स्वस्त पडतो, एवढेच त्यामागचे कारण.

अपरिभाषित वर्तन

सी भाषेचे मानक काही क्रियांचा परिणाम ठरवून देत नाही. चिन्हयुक्त पूर्णांकाची मर्यादा ओलांडणे किंवा रिकाम्या पॉइंटरमधून वाचणे या अशा क्रिया होत. त्या घडणारच नाहीत, असे कंपायलर गृहीत धरू शकतो. 'क्ष + १ हे क्ष पेक्षा मोठे आहे का' ही तपासणी तो त्यामुळे कायमची 'होय' ठरवून काढून टाकतो.

याचे गाजलेले उदाहरण २००९ मधील लिनक्स कर्नलचे आहे. आवृत्ती २.६.३० मधील 'टन' या जाळेविषयक ड्रायव्हरात एका पॉइंटरमधून आधी मूल्य वाचले जात होते आणि तो रिकामा आहे का, याची तपासणी नंतर होती. ज्याअर्थी वाचन झाले त्याअर्थी पॉइंटर रिकामा नसणार, असा निष्कर्ष काढून जीसीसीने ती तपासणी वगळली. स्मृतीचे शून्य क्रमांकाचे पान आधीच ताब्यात घेतल्यास रिकाम्या पॉइंटरमधून वाचूनही यंत्रणा कोसळत नाही; याचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळवता येत होते. उगमसंहिता वाचणाऱ्यास तपासणी डोळ्यांसमोर दिसत होती, यंत्रसंहितेत मात्र ती नव्हती. दुरुस्तीत वाचन तपासणीच्या नंतर नेण्यात आले, शिवाय अशा तपासण्या न वगळण्याचा पर्याय कर्नलच्या बांधणीत घालण्यात आला.

दोषशोध

इष्टतमीकरण बंद करताच दोष नाहीसा झाला, तर एवढ्याने कंपायलर दोषी ठरत नाही. प्रथम सर्व इशारे सुरू करून, नंतर अपरिभाषित वर्तन पकडणाऱ्या सॅनिटायझरसह प्रोग्राम चालवून पाहतात. तरीही उलगडा न झाल्यास अर्ध्या फाइली '-ओ०' ने व अर्ध्या '-ओ२' ने बांधत दोषी फाइलपर्यंत पोहोचता येते आणि '-एस' पर्यायाने तिची असेंब्ली संहिता तपासता येते. कंपायलर निर्दोष असतात असे मात्र नाही. युटा विद्यापीठातील संशोधकांनी सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम तयार करून विविध कंपायलरांत ३२५ हून अधिक दोष शोधल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

कंपायलरची स्वतःची बांधणी

जीसीसी स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो. यंत्रावरील जुना कंपायलर पहिला टप्पा बांधतो, पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइली तंतोतंत जुळाव्या लागतात. न जुळल्यास बांधणी थांबते, कारण कंपायलरने स्वतःचेच चुकीचे रूपांतर केल्याची शक्यता असते. बांधणी दर वेळी एकाच फाइलवर कोसळत असेल तर आज्ञावलीवर संशय घ्यावा लागतो. दर वेळी निराळ्या जागी कोसळत असेल, तर प्रथम यंत्राची रॅम तपासली जाते.