करवंदं-जांभळं गणपतीपर्यंत टिकवायचीत? फ्रीजरमध्ये ठेवताना एवढं सांभाळा

बेळगाव : वळवाचे दोन-चार पाऊस झाले की बेळगावच्या बाजारात रानमेवा दिसू लागतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला भागातून आणि चंदगड-आंबोलीच्या बाजूने करवंदं, जांभळं येतात. पहाटेच्या बसने बुट्ट्या घेऊन आलेल्या बायकांना माल त्याच दिवशी संपवावा लागतो. पिकलेलं जांभूळ दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं, करवंद आंबू लागतं. मिरग लागला की हंगामही आटोपतो.

पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं मात्र गावी येतात ती गणपतीला. तोपर्यंत करवंदाचा मागमूस राहत नाही. म्हणून आता बऱ्याच घरांत दोन-तीन किलो फळ घेऊन फ्रीजरमध्ये ठेवलं जातं. पण पिशवी तशीच आत कोंबली तर महिन्याने हाती येतो तो बर्फाचा गोळा आणि वितळल्यावर नुसता लगदा. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, ते पाहू.

लगदा का होतो?

या फळांत पाण्याचा अंश मोठा असतो. स्ट्रॉबेरीत तर तो ९० टक्क्यांच्या आसपास. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. फळ हळूहळू गोठलं तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि आतले पापुद्रे फाडतात. पटकन गोठलं तर खडे बारीक राहतात, नुकसान कमी होतं. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत मासे झटक्यात गोठताना पाहिले. त्यावरूनच त्याने १९२० च्या दशकात जलद गोठवण्याचा धंदा उभा केला.

घरच्या फ्रीजरला कारखान्याचा वेग नाही. पण एका वेळी थोडंच फळ, तेही पसरून ठेवलं, तर बराच फरक पडतो.

पद्धत अशी

१. फळ आणलं त्याच दिवशी निवडा. फुटलेलं, किडकं, आंबूस वास येणारं बाजूला काढा. फ्रीजर खराब फळ सुधारत नाही.

२. पिण्याच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. जांभळं दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवली तर बारीक किडे वर येतात. करवंदांचे देठ काढून चीक जाईपर्यंत धुवा. स्ट्रॉबेरी आधी धुवा, मग हिरवा देठ काढा. नाहीतर आत पाणी शिरतं.

३. सुती कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. ही पायरी चुकली की सगळी फळं एकमेकांना चिकटतात.

४. ताटात एकाच थरात, एकमेकांना न लागता मांडा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.

५. सकाळी दगडासारखी झाली की लगेच पिशव्यांत भरा. एका वेळी लागेल तेवढीच, म्हणजे पाव किलोची पिशवी करा. हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा.

जांभळाचं काम आणखी सोपं करायचं तर हाताने कुस्करून बिया काढा, गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरा. सरबताच्या एका पेल्याला दोन-तीन वड्या पुरतात. कच्ची करवंदं चिरून ठेवली तर चटणीला पावसाळाभर कामी येतात.

हिवाळ्यात महाबळेश्वरहून येणाऱ्या स्ट्रॉबेरीलाही हीच रीत लागू आहे. तिचे काप करून किलोला पाव किलो साखर चोळून ठेवलं तर रंग आणि चव जास्त टिकते.

किती दिवस टिकतं?

उणे १८ अंशांवर ही फळं आठ-दहा महिने चांगली राहतात. दोन दारांच्या फ्रीजमध्ये सहसा एवढी थंडी मिळते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा दर वेळी तेवढा गार होत नाही. तिथे आइस्क्रीम मऊ राहत असेल तर फळ महिना-दीड महिन्यात संपवा. अशा घरांनी गणपतीची वाट न पाहिलेली बरी.

लाईट गेली तर?

पावसाळ्यात झाड पडून लाईट जाणं खेडोपाडी नवं नाही. अशा वेळी फ्रीजरचं दार उघडू नका. भरलेला फ्रीजर दार बंद असेल तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. बर्फाच्या छोट्या कप्प्यात मात्र त्याहून खूप कमी वेळ मिळतो.

चार दिवस गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाला गेलं असेल तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, असं समजा. ते फळ टाकलेलं बरं. फळात अजून बर्फाचे खडे जाणवत असतील तर पुन्हा गोठवता येतं, फक्त ते अधिक मऊ होतं.

गोठवलं म्हणजे निर्जंतुक झालं, असं नाही

थंडीने जंतूंची वाढ थांबते, ते मरतातच असं नाही. युरोपात २०१३ मध्ये गोठवलेल्या मिश्र बेरींतून हिपॅटायटिस ए, म्हणजे काविळीचा एक प्रकार, अनेक देशांत पसरला होता. म्हणून गोठवण्याआधी हात, पाणी आणि ताट स्वच्छ हवं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर बाजारातल्या गोठवलेल्या बेरी उकळून वापरणं सुरक्षित.

वापरताना फळ बाहेर ठेवून पूर्ण वितळू देऊ नका. सरबत, मिल्कशेक किंवा जॅमसाठी अर्धवट गोठलेलंच घ्या. पुण्याला पाठवायचं असेल तर थर्माकोलच्या डब्यात गच्च भरा. पोचेपर्यंत वितळलं तर त्याच दिवशी वापरायला सांगा.

फ्रीजरमध्ये जागा असेल तर पाव किलोऐवजी दोन किलो घेता येतं. बुट्टी लवकर रिकामी झाली तर कणकुंबीच्या बाईलाही दुपारची बस मिळते.